एअर फ्रायरमधला फिश टाको: पीठ का गळतं आणि टोर्टिया का तुटतो

फिश टाको म्हणजे मक्याच्या पोळीत (टोर्टियात) दुमडलेला मासा. तुमच्या अडचणी थोडक्यात अशा: चार लिटरच्या एअर फ्रायरमध्ये बिअरच्या पिठात बुडवलेला मासा ठेवला तर पीठ जाळीतून गळलं, मासा वरून पांढराफटक आणि खालून गिच्च झाला. मक्याच्या पिठाची पोळी दुमडताच मधोमध तुटली. आणि पुण्यात यासाठी कुठला मासा घ्यावा ते कळत नाही. पिठापासून सुरुवात करू, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं.

एअर फ्रायर हे नाव फसवं आहे. त्यात काहीच तळलं जात नाही. वर तापणारी कॉइल, तिच्या मागे पंखा, खाली जाळी. म्हणजे जोरात वारा सोडणारी छोटी भट्टी. कढईत 180 अंशांचं तेल भजीला एकाच वेळी सगळीकडून भिडतं, पीठ दोन-तीन सेकंदांत आवळतं, आतली वाफ बाहेर पडताना त्याला जाळी पडते. हवा उष्णता पोचवण्यात तेलाच्या जवळपासही येत नाही. पीठ आवळायला मिनिटभर तरी लागतं आणि तोवर ते खाली तबकात पोचलेलं असतं. जे वर उरतं त्याला पंखा एका बाजूला ढकलतो. पीठ घट्ट करून हा प्रश्न सुटत नाही; घट्ट पीठ गळत नाही एवढंच, पण ते धिरड्यासारखं चिवट होतं.

फिश टाको मूळचा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाचा, तिथल्या एन्सेनादा बंदराचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. तिथल्या गाड्यांवर मैदा-बिअरच्या पातळ पिठातला मासा भरपूर तेलात तळतात, मक्याच्या टोर्टियात ठेवतात, वर बारीक चिरलेला कोबी, पांढरा सॉस, साल्सा आणि लिंबू. अगदी तीच चव हवी असेल तर कढई काढा, एअर फ्रायरशी झगडू नका. एअर फ्रायरमध्ये चांगला टाको होतो, पण त्याचं कवच वेगळं असतं: कोरड्या चुऱ्याचं.

आता मासा. पांढरा, घट्ट, मोठ्या पाकळ्यांचा आणि कमी काट्यांचा हवा. घोळ उत्तम, जिताडा उत्तम पण महाग, रावस आणि तांबोशी चांगले. सुरमई चालते, मात्र नेहमीच्या आडव्या तुकड्या घेऊ नका. मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंचं मांस सलग सोडवून, कातडी काढून मागा. सुरमई लवकर कोरडी पडते, म्हणून तिला एक मिनिट कमी द्या. पापलेट यात वाया घालवू नये. बांगडा तेलकट आणि काटेरी, नकोच. मोरी घेतलीत तर ती परंपरेला धरूनच होईल, एन्सेनादाच्या गाड्यांवर पूर्वी लहान शार्क सर्रास वापरत. पण ती अगदी ताजी हवी. शार्कच्या मांसात युरिया असतो, शिळं होताच त्याचा अमोनिया होतो आणि नवसागरासारखा वास येतो. गोठवलेला बासा स्वस्त आणि सोपा, पण त्यात पाणी फार. तो फ्रीजमध्ये रात्रभर चाळणीत ठेवून वितळवा, खाली भांडं ठेवा, आणि सकाळी भांड्यात किती पाणी साचलंय ते बघा. तेवढं सगळं तुमच्या चुऱ्यात उतरलं असतं. परदेशात असाल तर कॉड किंवा हॅडॉक घ्या.

चौघांसाठी, म्हणजे बारा टाकोंना, निव्वळ मांस 500 ग्रॅम धरा. साधारण 8 ते 10 सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर जाड अशा बारा पट्ट्या कापा. जाडी सारखी असणं लांबीपेक्षा महत्त्वाचं. शेपटीकडचा पातळ भाग दुमडून घ्या, नाहीतर तो आधीच वाळून जातो. बोट फिरवून काटे चाचपा आणि चिमट्याने ओढून काढा. टाको हातात धरून खायचा असतो, तोंडात काटा शोधत बसायचा नसतो.

इथे आपली एक सवय आडवी येते: मासा आणला की हळद-मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवायचा. आमटीला ते ठीक. इथे लिंबू किंवा आगळ लावू नका. आंबटाने वरचं मांस आवळतं, खडूसारखं होतं, पाणी सोडतं आणि त्या पाण्यावर चुरा धरत नाही. फक्त एक सपाट चहाचा चमचा मीठ चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग सुती फडक्याने किंवा कागदी रुमालाने प्रत्येक पट्टी टिपून कोरडी करा. बोट लावल्यावर पट्टी किंचित चिकट लागली पाहिजे, ओली नाही.

चुऱ्याची खरी युक्ती अशी की रंग आधीच आणायचा. मासा 8-9 मिनिटांत शिजतो आणि तेवढ्यात कोरड्या पांढऱ्या चुऱ्याला एअर फ्रायर सोनेरी करू शकत नाही. रंगासाठी थांबलात तर मासा चोथा होतो. म्हणून 100 ग्रॅम पांको (जपानी पद्धतीचा भरड पावचुरा) दोन मोठे चमचे तेल घालून कढईत मध्यम आचेवर भाजून घ्या. चार-पाच मिनिटं, सतत हलवत. आधी बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं, मग कडेने पिवळसर झाक येते आणि तिथून मिनिटभरात रंग पळतो. फिक्या बिस्किटाचा रंग आला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलात तर गरम लोखंडावर तो पुढे जात राहतो. गार झाल्यावर अर्धा चमचा मीठ, एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा जिरेपूड, अर्धा चमचा लसणाची पूड मिसळा. मसाला भाजताना घातला तर तिखट जळून कडू होतं. पांको नसेल तर दोन दिवसांचा शिळा ब्रेड कडा काढून हाताने भरड चुरा. मिक्सरमध्ये त्याची पूड होते आणि पुडीचं कवच घट्ट बसतं, कुरकुरीत होत नाही.

रवा चालेल का, हा प्रश्न येणारच. तव्यावर रवा फ्राय जमतो कारण रव्याचा कण न् कण तेलात बसलेला असतो. एअर फ्रायरमध्ये कोरडा रवा तसाच पांढरा राहतो आणि दाताखाली वाळूसारखा कचकचतो. वापरायचाच असेल तर बारीक रवा वरच्यासारखाच तेलात भाजून घ्या आणि निम्मा पांको मिसळा.

तीन ताटं मांडा. पहिल्यात 40 ग्रॅम मैदा आणि 20 ग्रॅम कॉर्नफ्लोअर (ते पांढरं, मऊ स्टार्च; मक्याचं पिवळं पीठ नव्हे). दुसऱ्यात एक अंडं, एक मोठा चमचा मेयोनीज आणि चिमूटभर मीठ, फेटून. मेयोनीजमुळे थर जरा जाड बसतो आणि चुरा नीट चिकटतो. तिसऱ्यात भाजलेला चुरा. पट्टी मैद्यात घोळवून झटका, अंड्यात बुडवून निथळू द्या, चुऱ्यात ठेवून तळहाताने हलकेच दाबा. एक हात कोरड्याला, एक ओल्याला. नाहीतर चौथ्या पट्टीपर्यंत बोटांचेच कटलेट होतात. घोळवलेल्या पट्ट्या दहा मिनिटं फ्रीजमध्ये उघड्या ठेवल्या तर कवच सुटत नाही.

एअर फ्रायर 200 अंशांवर पाच मिनिटं रिकामा तापवा. जाळीला ब्रशने तेल लावा. पट्ट्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. चार लिटरच्या टोपलीत पाच-सहाच बसतात. सगळ्या कोंबल्या तर हवा फिरत नाही, मासा स्वतःच्या वाफेवर उकडतो. तुमचा खालून गिच्च झाला त्यात गळलेल्या पिठाइतकाच या गर्दीचाही हात असणार. वरून तेलाचा हलका फवारा, सहा मिनिटं, मग पातळ उलथन्याने उलटा (चिमट्याने कवच फुटतं), आणखी दोन ते तीन मिनिटं. सर्वांत जाड पट्टीत सुरीचं टोक घालून किंचित पिळा: पाकळ्या सुटल्या आणि आत काचेसारखा अर्धपारदर्शक भाग उरला नाही की झालं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 63 अंश. काढलेल्या पट्ट्या ताटात नको, जाळीवर ठेवा. ताटात खालची बाजू दोन मिनिटांत ओलसर होते. दुसरा घाणा झाला की पहिला मिनिटभर परत आत घालून गरम करता येतो.

दोन सावधगिरी. तेलासाठी हाताने दाबायची फवाऱ्याची बाटली घ्या. डब्यातून दाबाने फवारणाऱ्या कुकिंग स्प्रेमध्ये बहुधा लेसिथिन असतं, ते टोपलीच्या नॉनस्टिक थरावर चिकट पिवळा राप धरतं आणि घासून काढायला गेलात तर थरच जातो. आणि जाळीवर बटर पेपर अंथरून रिकामा एअर फ्रायर तापवू नका. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडून कॉइलला चिकटतो.

आता पोळी. मेक्सिकोतला मक्याचा टोर्टिया मऊ राहतो तो ग्लुटेनमुळे नाही, मक्यात ते नसतंच. तो मऊ राहतो चुन्यामुळे. तिथे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, सालं चोळून काढतात आणि मग दळतात. चुन्याने दाण्याच्या पेशींची भिंत सैल होते, पिठाला धरून राहायची ताकद येते. या प्रक्रियेतून वाळवलेल्या पिठाला मासा हरीना म्हणतात. (स्पॅनिशमध्ये मासा म्हणजे मळलेलं पीठ. माशाच्या पाककृतीत हा शब्द आला की घोटाळा ठरलेला.) आपलं मक्याचं पीठ नुसतेच दाणे दळून केलेलं, म्हणून भाकरी खरपूस होते पण दुमडली की तुटते. दोष तुमच्या हाताचा नाही.

मासा हरीना ऑनलाइन मिळतं. 180 ग्रॅम पीठ, अर्धा चमचा मीठ, सुमारे 270 मिलिलिटर कोमट पाणी. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर चमचाभर पाणी आणखी, हाताला चिकटला तर थोडं पीठ. बारा गोळे करा. पुरी दाबायचं यंत्र असेल तर टोर्टियाच्या यंत्राची गरज नाही, तत्त्व एकच. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घेऊन दाबा. यंत्र लहान असेल तर उरलेलं काम लाटण्याने, 15 सेंटिमीटरपर्यंत. बिडाचा तवा कडकडीत तापवून पहिली बाजू वीस सेकंद, उलटून एक मिनिट, परत उलटून वीस सेकंद. शेवटी फुगायला हवा. लगेच फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि दहा मिनिटं उघडू नका. खरा मऊपणा तव्यावर नाही, त्या वाफेत येतो.

ते पीठ नाही मिळालं तर तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढा. एक वाटी बारीक मक्याचं पीठ, पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी, मीठ, चमचाभर तेल. झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच तीन-चार चमचे कणीक घालून मळा. चव तीच येत नाही, पण दुमडल्यावर तुटत नाही. टोर्टिया एअर फ्रायरमध्ये गरम करू नका. हलका असल्याने तोही उडतो आणि पापड होतो.

बाकीचं झटपट. कोबी केसासारखा बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग पूर्ण निथळून. सॉसला चार चमचे मेयोनीज, चार चमचे तासभर टांगलेलं दही, मीठ, थोडं लिंबू, धार पडेल इतकं पाणी. आपल्याकडचं बिनअंड्याचं मेयोनीज बहुधा गोडसर असतं, तेव्हा ते तीनच चमचे घ्या आणि दही वाढवा. चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची, मिळाली तर एक वाटून घाला; नसेल तर भिजवलेल्या ब्याडगीचं वाटण रंगाला आणि पाव चमचा स्मोक्ड पाप्रिका (धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड) धुराच्या वासाला. साल्सा म्हणजे जवळपास आपली कांदा-टोमॅटोची कोशिंबीरच, दाण्याचा कूट वगळून. टोमॅटोच्या बिया काढा आणि मीठ वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर त्याचं पाणी होतं. लिंबासाठी काही शोधायला नको: आपलं कागदी लिंबू आणि मेक्सिकोतलं छोटं लिंबू एकाच जातीचं. परदेशात मोठं पिवळं लेमन नको, हिरवं लाइम घ्या.

भरताना गरम टोर्टिया, त्यावर आधी कोबी, मग मासा, वर सॉसची एक धार, चमचाभर निथळलेला साल्सा. कोबी खाली असला की साल्साचं पाणी टोर्टियापर्यंत पोचायला वेळ लागतो. भरून ताटात मांडून ठेवू नका, ज्याने त्याने आपापला भरावा आणि लिंबू तोंडाजवळ नेताना पिळावं. उरलेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी 180 अंशांवर चार मिनिटांत परत कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये कवच ओल्या फडक्यासारखं होऊन निघतं.