स्वयंपाकघरातलं प्लास्टिक कमी करताना सुरुवात कुठून करावी

सगळे डबे एका दिवसात फेकू नका. आधी गरम, तेलकट आणि आंबट पदार्थ प्लास्टिकमधून बाहेर काढा, कारण उष्णता, तेल आणि आंबटपणा यांमुळे प्लास्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की डबा वितळणार किंवा वाकडा होणार नाही. अन्न काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातच गरम करा. चरे पडलेले, पांढुरके झालेले डबे आधी बाद करा. धड असलेले कोरड्या वस्तूंसाठी खुशाल वापरा.

फ्रीझरमध्ये काचेची बरणी तडकते ती बहुतेक वेळा काठोकाठ भरल्यामुळे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. म्हणून सरळ बाजूंची, रुंद तोंडाची बरणी घ्या, वर 2-3 सेंटीमीटर जागा सोडा, पदार्थ पूर्ण गार करा आणि झाकण गोठल्यावरच घट्ट लावा. खांदे असलेली बरणी नकोच, बर्फ तिथेच अडून काच फोडतो. बाहेर काढल्यावर गरम पाण्याखाली धरू नका, आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. स्टीलचा डबा या बाबतीत बिनघोर.

भांडी घासायचा स्पंज हेही बहुतेकदा प्लास्टिकच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्याऐवजी काथ्या किंवा वाळवलेलं घोसाळं वापरा, पण प्रत्येक वेळी पिळून टांगा. ओलं पडून राहिलं की कुबट वास येतो. चिरायला लाकडी पाट घ्या आणि तो धुतल्यावर उभा वाळवा, आडवा ठेवलात तर खालची बाजू ओली राहून पाट वाकतो.