भाडेकरार आहे, तरी पत्ता नोंदवत नाहीत

प्रश्न : नोकरीसाठी जर्मनीत आले. मैत्रिणीच्या भाड्याच्या घरात एक खोली घेतली आहे. भाडेकरार दाखवूनही पालिकेच्या कार्यालयाने पत्त्याची नोंदणी केली नाही. काय करावे?

उत्तर : तिथे नुसता भाडेकरार चालत नाही. १ नोव्हेंबर २०१५ पासून घर देणाऱ्याची सही असलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा वेगळा कागद लागतो. तुम्ही पोटभाडेकरू आहात, त्यामुळे त्यावर तुमची मैत्रीण, म्हणजे मूळ भाडेकरू, सही करू शकते. मात्र पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची परवानगी आहे ना, हे तिला आधी विचारा. कागदावर घर देणाऱ्याचे नाव-पत्ता, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्यांची नावे हवीत. करारावर सही केली ती तारीख टाकू नका. फसगत इथेच होते.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. अपॉइंटमेंट लवकर मिळत नसेल, तर बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. सोबत पासपोर्ट न्या. नोंदणी होताच मिळणारी पावती मोफत असते आणि बँकेला बहुधा तेवढी पुरते.

आणि हो, टपालपेटीवर आडनाव आजच चिकटवा! टॅक्स क्रमांक टपालाने येतो; पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते.