माणूस कुठल्या जेलमध्ये आहे, हे शोधताना

ताई, नवी मुंबईत अटक झालेला माणूस शोधायचा तर थेट जेलपासून सुरुवात करू नका, पोलीस ठाण्यापासून करा. अटकेची खबर नातेवाइकांना देणं आणि २४ तासांत न्यायालयात हजर करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर मिळतो. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांचा मात्र टाकत नाहीत. तेव्हा तिथे नाही दिसला म्हणून हात टेकू नका.

पुढचा शोध ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या संकेतस्थळावर. नवखी माणसं अडतात ती इथेच. वाशी, नेरूळचं प्रकरण ठाणे जिल्हा निवडून बेलापूरच्या कोर्टात बघायचं. खारघर, कामोठ्याचं मात्र रायगड जिल्ह्यात, पनवेलला, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं असलं तरी! नावाचं स्पेलिंग बदलून बदलून बघा. एफआयआर क्रमांक आणि वर्ष हाताशी असेल तर उत्तमच. प्रकरण सापडलं की १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, पुढच्या तारखा त्यावरच उघडतात.

कोठडी पोलिसांची की न्यायालयीन, हे वकिलाकडून पक्कं करून घ्या. पोलीस कोठडी असेल तर माणूस लॉकअपमध्ये असतो, जेलच्या दारात उभं राहून उपयोग नाही. न्यायालयीन झाली की या भागात बहुधा ठाणे मध्यवर्ती, तळोजा किंवा कल्याणचं आधारवाडी. भेटीची नोंदणी ई-मुलाकात या सरकारी संकेतस्थळावर होते.

वकील परवडत नसेल, तर १५१०० वर फोन लावा, विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. आणि हात जोडून सांगते, मिळालेली माहिती सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. कच्चा कैदी, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही तो, गुन्हेगार ठरलेला माणूस नव्हे, त्याच्या घरच्यांना त्याच बिल्डिंगमध्ये राहायचं असतं.