'स्कार्लेट'साठी मराठी शब्द कोणता?

नथॅनिएल हॉथॉर्न यांच्या 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) या कादंबरीच्या नावातील 'स्कार्लेट'साठी 'लाल' हा शब्द पुरेसा आहे, की 'शेंदरी' किंवा 'किरमिजी' असा अधिक नेमका शब्द योजावा, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझा कौल 'किरमिजी'ला आहे, पण त्याचे कारण रंगाच्या छटेपेक्षा त्या त्या शब्दाला मराठीत चिकटलेल्या अर्थांत अधिक आहे.

कादंबरी सतराव्या शतकातील बॉस्टनमध्ये घडते. व्यभिचाराची शिक्षा म्हणून कादंबरीची नायिका हेस्टर प्रिन हिला 'ए' हे अक्षर ('अडल्टरी', म्हणजे व्यभिचार, या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर) कायम छातीवर वागवावे लागते. हेस्टर उत्तम शिवणकाम जाणणारी असल्यामुळे ते अक्षर ती तलम लाल कापडाचे करते आणि त्याच्याभोवती सोनेरी कलाबतूचे भरतकाम करते. भोवतालचा प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरण पाळणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा समाज करड्या, उदास रंगांच्या कपड्यांत वावरणारा, म्हणून त्या गर्दीत हे अक्षर अधिकच पेटून दिसते. या समाजाच्या मनात लाल रंग पापाशी जोडलेला होता तो बायबलमुळे; यशयाच्या पुस्तकात, पापे लाल असली तरी ती हिमासारखी शुभ्र होतील, असे आश्वासन आहे. परंतु हॉथॉर्न एवढ्यावर थांबत नाहीत. हेस्टरची मुलगी पर्ल लाल मखमलीच्या, सोनेरी भरतकाम केलेल्या पोशाखात येते, तेव्हा ते अक्षरच जिवंत होऊन चालू लागल्यासारखे वाटते आणि कलंकाचा रंग जिवंतपणाचाही रंग होतो.

मराठी वाचकाची अडचण येथेच सुरू होते, कारण आपल्या भाषेत बदनामीचा रंग काळा आहे. आपण 'तोंड काळे करणे' म्हणतो, कुळाच्या नावाला 'काळिमा' लागतो. लाल रंग मात्र कुंकवाचा, सौभाग्याचा. विवाहबाह्य संबंधासाठी शिक्षा भोगणाऱ्या स्त्रीच्या अंगावरचे 'लाल अक्षर' वाचताना मराठी मनात आधी मांगल्यच उमटते, आणि दिनदर्शिकेतील लाल आकडा तर सुट्टीचा. 'शेंदरी' हा शब्द छटेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा आहे, कारण स्कार्लेट किंचित नारिंगीकडे झुकतो. पण शेंदूर म्हटले की मारुती आणि गणपती डोळ्यांपुढे उभे राहतात. 'तांबडा' शब्दाला मातीचा आणि पहाटेचा वास आहे. 'रक्तवर्णी' म्हटले तर खुनाची कथा असावी असा समज होईल.

'किरमिजी' या शब्दाला असे कोणतेही पावित्र्य चिकटलेले नाही. तो रंगाऱ्याचा आणि कापडाचा शब्द आहे. भूमध्य समुद्राच्या काठावरील ओक वृक्षांवर वाढणाऱ्या किड्यांपासून जो लाल रंग काढत, त्याला अरबीत 'किर्मिझ' म्हणत. त्याचे नाते फारसीतील 'किर्म' आणि संस्कृतातील 'कृमि' यांच्याशी आहे आणि इंग्रजीतील 'क्रिम्झन' त्याच कुळातला आहे. मध्ययुगीन युरोपात 'स्कार्लेट' हे आधी उंची लोकरी कापडाचे नाव होते. असे कापड बहुधा याच किड्यांच्या रंगात रंगवले जाई आणि पुढे कापडाचे नाव रंगाला मिळाले. आपल्याकडील 'सकलाद' हा लोकरी कापडासाठीचा जुना शब्द 'स्कार्लेट'च्याच नात्यातला मानला जातो. जे अक्षर मुळात कापडाचाच एक तुकडा आहे, त्याच्यासाठी कापडाच्या जगातून आलेला शब्द मला योग्य वाटतो.

किरमिजी म्हणजे स्कार्लेट नव्हे, तर क्रिम्झन, म्हणजे अधिक गडद, किंचित जांभळटाकडे झुकणारा लाल, हा आक्षेप खरा आहे. मात्र हॉथॉर्न स्वतःही छटेबाबत काटेकोर नाहीत. त्या अक्षराला ते कधी स्कार्लेट म्हणतात, कधी नुसते लाल.

एका ठिकाणी मात्र मी 'किरमिजी' वापरणार नाही. कादंबरीच्या शेवटच्या ओळीत थडग्यावरील कुलचिन्हाचे वर्णन आहे आणि तेथे काळ्या व लाल रंगांसाठी कुलचिन्हविद्येतील खास शब्द, 'सेबल' आणि 'ग्यूल्स', योजले आहेत. मराठी वाचकाचा कलंकाचा काळा आणि हेस्टरचा लाल तेथे प्रथमच एकत्र येतात, म्हणून त्या ओळीचा अनुवाद मी साधाच करीन: 'काळ्या भूमीवर, लाल ए'.