आईला झोप लागत नाही, थायरॉइडची गोळी चालू आहे. रात्री दुधातून अश्वगंधा दिली तर चालेल का? तोवर जायफळ द्यावं का?

थायरॉइडची गोळी चालू असताना मनाने देऊ नका. नाशिकला पंचवटीत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, अश्वगंधा रोज विकतो, तरी काउंटरवरही हेच सांगतो.

अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. त्यात गोळीची भर पडली की छातीत धडधड, हाताला कंप, घाम, आणि होती तीही झोप उडते. मुळात गोळीचा डोस जास्त झाला तरी झोप जाते. म्हणून आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. झोप न लागण्याचं कारण तिथेच सापडण्याची शक्यता आहे.

अश्वगंधा हे औषध वाईट नाही. ताण, धास्ती, त्यामुळे उडालेली झोप यांवर बऱ्याच जणांना गुण येतो, छोट्या अभ्यासांतही तसं दिसलंय. पण ही झोपेची गोळी नव्हे. फरक जाणवायला काही आठवडे जातात. मूळ-चूर्णाची शास्त्रोक्त मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. सुरुवात त्याहून कमीने करावी, नाहीतर पोट बिघडतं.

मला खरी काळजी वाटते ती यकृताची. असं क्वचितच होतं, पण अश्वगंधा घेणाऱ्यांना कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा. गरोदर बाई आणि यकृताचा आजार असलेल्यांनी घेऊच नये. साखरेच्या, बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला आवर्जून सांगा. 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून लोक डॉक्टरांपासून लपवतात, ते फार चुकीचं आहे.

डॉक्टर हो म्हणाले तर अख्खं मूळ घ्या. बाहेरून मातकट, मोडलं की कट्‌कन तुटतं, आत पांढरं. चूर्ण हिरवट दिसलं तर पानं मिसळलेली असू शकतात, ते नको. औषध मुळाचं आहे.

तोवर जायफळ द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. दुधात सहाणेवर एक-दोन वळसे उगाळलेलं चालेल, त्यापुढे नाही. चमचाभर जायफळपूड पोटात गेली तर भ्रम होतो, छाती धडधडते, आणि दवाखान्यात न्यायची वेळ येते.