"राज्य, सामर्थ्य व गौरव तुझीच": प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी हे का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या आईच्या मातीला तुम्ही गेला होता. तिथे सगळ्यांनी मिळून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना म्हटली. काही जण "आम्हांला वाइटापासून सोडव" इथे थांबले, बाकीचे मात्र पुढे "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत, आमेन" म्हणाले. या शेवटच्या ओळीचा अर्थ काय, काही जण का थांबले आणि अशा वेळी आपणही आमेन म्हणावं का?

मी नागपूरचीच, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीत वाढलेली. (सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झालं, हे इथल्याच कित्येकांना ठाऊक नसतं.) ही ओळ लहानपणापासून म्हणत आले, पण तिचा अर्थ कळायला वडील जावे लागले. ते पुढे सांगते.

थांबलेले लोक बहुतेक कॅथलिक असणार. मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तेही हे शब्द म्हणतात, फक्त मध्ये फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे ही ओळ म्हणतात. घरी किंवा रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणताना ते "सोडव" नंतर सरळ आमेन म्हणतात. आम्ही प्रॉटेस्टंट एका दमात शेवटपर्यंत जातो. यात भांडण काही नाही. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ११व्या अध्यायात ही प्रार्थना आहे, तिथे ही ओळ नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात ती छापलेली दिसते, पण चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत तिथेही ती नाही. म्हणून अनेक अभ्यासक मानतात की पहिल्या मंडळ्या (ख्रिस्ती समुदाय) एकत्र प्रार्थना करताना शेवटी स्तुती म्हणत आणि तीच पुढे लिहिण्यात आली. 'दिदाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याची प्रत सापडली. त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे आणि शेवटी "सामर्थ्य व गौरव" आहे, "राज्य" नाही. ओळ नंतर जोडली गेली असेल म्हणून तिची किंमत मला कमी वाटत नाही. उलट, मागणं झाल्यावर त्या लोकांना गप्प बसवेना, यातच मला बरंच काही दिसतं.

आता अर्थ. माझ्या मते सगळा जीव पहिल्या शब्दात आहे: "कारण".

तहसीलमध्ये आपण अर्ज लिहितो तो आठवा. आधी आपली परिस्थिती, घरची अडचण, नोकरीची वर्षं, आणि मग "सबब विनंती की". म्हणजे मागण्याचं कारण आपण स्वतःत दाखवतो: मी गरजू आहे, मी लायक आहे. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणी आहेच. रोजची भाकर, क्षमा, वाइटापासून सुटका. पण शेवटी जी सबब दिली आहे, तिच्यात अर्जदाराचं नावसुद्धा नाही. आम्ही मागतो, कारण राज्य तुझं आहे. एवढंच.

हे शब्द दावीद राजाच्या प्रार्थनेतून आले असं मानतात. बायबलमधलं 'पहिला इतिहास' हे पुस्तक, अध्याय २९. मंदिरासाठी लोकांनी सोनं, चांदी, रत्नं मनापासून दिली आहेत. एवढा ढीग समोर असताना दावीद म्हणतो की महिमा, सामर्थ्य, राज्य, सगळं तुझंच आहे, आणि तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं. राजाच म्हणतोय, राज्य माझं नाही!

"गौरव" या शब्दापाशीही मी नेहमी रेंगाळते. आपल्याकडे तो 'गुरु' वरून आला, म्हणजे जड, वजनदार. हिब्रूत देवाच्या गौरवाला 'कावोद' म्हणतात आणि तोही 'जड' याच अर्थाच्या धातूपासून आलेला. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी दोघींना मोठेपणा म्हणजे वजन असंच वाटलं. गौरव तुझं म्हणणं म्हणजे वजन तुझ्या बाजूला आहे असं म्हणणं.

माझ्या वडिलांची माती पावसाळ्यात झाली. कबरीच्या कडेची काळी माती बुटांना चिकटत होती, पाळकसाहेबांच्या पुस्तकावर कुणीतरी छत्री धरली होती. मी "सोडव" पर्यंत म्हटलं आणि पुढे आवाजच फुटेना. "गौरव तुझं" म्हणायची माझी तयारी नव्हती, खरं सांगायचं तर मला राग आला होता. पण माझ्या मागे उभ्या असलेल्या बाया, भाऊ, शेजारचे काका, सगळ्यांनी ती ओळ माझ्या डोक्यावरून पुढे नेली. माझ्या हातातली मूठभर माती तशीच होती. ओळ संपली तेव्हा मी टाकली. तोंडातून फक्त आमेन निघालं.

त्या दिवशी मला आमेन कळलं. हिब्रूत हा शब्द भक्कम, विश्वास ठेवण्याजोगं अशा अर्थाच्या धातूवरून आला आहे. "हे पक्कं आहे." योहानाच्या शुभवर्तमानात येशू "मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो" असं म्हणतो ना, तिथे मूळ ग्रीकमध्ये "आमेन, आमेन"च आहे. म्हणजे आपलं मराठी "खचीत" हाच त्याचा खरा भाऊ. आणि तो शब्द दुसऱ्याच्या प्रार्थनेवर आपली सही करण्यासाठीही असतो. स्वतःला म्हणता येत नसेल, तेव्हा दुसऱ्याने म्हटलेल्याला खचीत म्हणायचं.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४) की ज्याला तुमचं बोलणं समजत नाही, तो तुमच्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणणार? म्हणजे समजून म्हणावं, हीच अपेक्षा आहे. तुम्हाला ते शब्द पटले तर बेधडक म्हणा, कोणी तुमचा धर्म विचारणार नाही. नाही पटले तर हात जोडून शांत उभे राहा. तुमच्या सहकाऱ्याला लक्षात राहील ते तुम्ही तिथे उभे होता, हे.