‘दाऊ’ म्हणजे ‘आपण’ नव्हे, ‘तू’

तुम्ही विचारलंय की जुन्या इंग्रजी प्रार्थनांत देवाला ‘दाऊ’ म्हणतात, तो ‘आपण’सारखा आदराचा शब्द आहे का, आणि वाक्यात तो वापरायचा कसा.

आदराचा मुळीच नाही. दाऊ (स्पेलिंग टी-एच-ओ-यू, सुरुवात ‘दिस’, ‘दॅट’सारखी, ‘थाऊ’ नव्हे) म्हणजे चक्क ‘तू’. मानाचा शब्द होता ‘यू’. मुळात तो अनेकवचनी. 13व्या शतकापासून फ्रेंचच्या वळणावर एकट्या माणसालाही मानाने यू म्हणू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. दाऊ राहिला घरच्या माणसांना, मुलांना, नोकरांना आणि भांडणात. ‘दाऊ’ हे क्रियापदही होतं: अरेतुरे करणं. 1603 साली वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याच्यावर ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ (मी तुला ‘तू’ म्हणतो, गद्दारा!) एवढ्या मोठ्या सरदाराला भर कोर्टात अरेतुरे! अपमान त्या एका शब्दातच होता.

मग देवाला दाऊ का? 1611च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात, एकवचन असलं की दाऊ, अनेकवचन असलं की ‘यी’ (‘यू’चंच कर्त्याच्या जागी येणारं जुनं रूप). मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये तसाच भेद आहे. तिथे राजालाही दाऊच म्हटलंय. आपणही विठ्ठलाला ‘तू’च म्हणतो, त्यामुळे हे आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर उमजायला हवं.

आता वापर. ‘तू’ला दाऊ, ‘तुला’ला दी, ‘तुझा’ला दाय. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दायचं ‘दाइन’ होतं: दाय हँड, पण दाइन आइज. ‘तुझंच आहे’ म्हणतानाही दाइनच. क्रियापदाला ‘एस्ट’ किंवा नुसता ‘ट’ लागतो: दाऊ गोएस्ट, दाऊ आर्ट, हॅस्ट, विल्ट, शॅल्ट. ‘डू’चं होतं ‘डस्ट’, स्पेलिंगमध्ये ओ असला तरी. ‘मस्ट’ मात्र तसाच राहतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘ही गोएस्ट’ लिहिण्यात. ‘तो’, ‘ती’बरोबर ‘एथ’ लागतो: ही गोएथ, शी हॅथ. ‘आय’ला यातलं काहीच लागत नाही. ‘दाऊ इज’ही चूक.

त्या काळातलं नाटक वाचताना, एखादं पात्र यू सोडून मध्येच दाऊवर कुठे येतं ते पाहा. तिथे माया उफाळलेली असते नाहीतर राग. मराठी करताना तिथेच ‘तुम्ही’चं ‘तू’ करा. सरसकट ‘आपण’ घातलंत तर तो क्षण हातचा जातो.